एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणते ‘फॉरमॅट करा’, पण बटण दाबायच्या आधी या नोंदी वाचा

लग्नाचे फोटो, पोरांचे लहानपणीचे व्हिडिओ, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, कॉलेजचा प्रोजेक्ट, दुकानाचा हिशोब. मोबाईल भरला की लोक हे सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकतात आणि ती डिस्क कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून देतात. दोन वर्षांनी कुणाला तरी एक फोटो हवा असतो. डिस्क लॅपटॉपला लावली जाते, दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर मेसेज येतो, की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोनच बटणं असतात, फॉरमॅट आणि कॅन्सल.

यातलं कॅन्सल दाबायचं, एवढं बहुतेकांना माहिती असतं. पण त्यानंतर काय करायचं हे माहिती नसतं. मग कुणी यूट्यूबवर बघून एखादी कमांड मारतो, कुणी फुकटचं सॉफ्टवेअर टाकतो, कुणी डिस्क हलवून बघतो. यातल्या काही उपायांनी डिस्क सुधारते आणि त्याच उपायांनी काही डिस्क कायमच्या जातात. कारण मेसेज एकच असला तरी त्यामागचे आजार वेगवेगळे असतात.

चांगली गोष्ट अशी की डिस्क बिघडते तेव्हा कॉम्प्युटर आणि डिस्क दोघंही त्याची नोंद ठेवत असतात. ती नोंद कुठे असते, कशी वाचायची आणि तिच्यावरून निदान कसं करायचं, तेच आता सविस्तर बघू.

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कचा सातबारा

हार्ड डिस्कवर डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत लिहिलेला असतो. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. एक सेक्टर पूर्वी ५१२ बाइटचा असायचा, आता बऱ्याच डिस्कमध्ये तो ४०९६ बाइटचा असतो. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर असे कोट्यवधी सेक्टर आले. तुमचा एक फोटो यातल्या हजारो सेक्टरवर पसरलेला असू शकतो, तेही सलग असतीलच असं नाही.

मग कुठला सेक्टर कुठल्या फोटोचा, हे कॉम्प्युटरला कसं कळतं? त्यासाठी डिस्कवरच एक दप्तर असतं. फाइलचं नाव काय, ती कुठून सुरू होते, किती मोठी आहे, कोणते सेक्टर रिकामे आहेत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. या दप्तराला आणि ते ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात.

गावच्या भाषेत सांगायचं तर डेटा म्हणजे जमीन आणि फाइल सिस्टिम म्हणजे सातबारा. तलाठ्याचं दप्तर भिजलं म्हणून जमीन वाहून जात नाही. पण कुणाची जमीन कुठे, हे सांगता येत नाही. ‘फॉरमॅट करा’ या मेसेजचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो, की विंडोजला दप्तर वाचता आलेलं नाही.

दप्तर ठेवायच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. फॅट ही पद्धत १९७७ च्या सुमाराची. तिचं फॅट३२ हे रूप विंडोज ९५ च्या काळात, १९९६ मध्ये आलं. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आली. एक्सफॅट २००६ मध्ये आली आणि ती विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, म्हणून अनेक पेनड्राइव्ह आणि पोर्टेबल डिस्क त्यातच फॉरमॅट केलेल्या असतात.

यातला एक फरक महत्त्वाचा आहे. एनटीएफएसमध्ये जर्नल असतं. जमीन विकली की आधी फेरफार नोंद होते आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं. एनटीएफएस तसंच करते, बदल आधी जर्नलमध्ये लिहिते आणि मग मुख्य दप्तरात. मध्येच लाइट गेली तर पुढच्या वेळी ती फेरफार बघून दप्तर जुळवून घेते. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. त्यामुळे कॉपी चालू असताना केबल ओढली तर त्यांचं दप्तर अर्धवट राहायची शक्यता जास्त असते. अर्थात जर्नल दप्तर सांभाळतं, फाइलच्या आतला मजकूर नाही. अर्धा कॉपी झालेला व्हिडिओ एनटीएफएसमध्येही अर्धाच राहतो.

बिघाड तीन ठिकाणी असू शकतो

पहिलं ठिकाण म्हणजे दप्तर. डिस्क ठणठणीत आहे, फक्त नोंदी विस्कटल्या आहेत. केबल मध्येच काढली, लॅपटॉप हँग झाला, बॅटरी संपली, अशी कारणं असतात.

दुसरं ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष डिस्क. आत चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगत जातं. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. चालू डिस्क टेबलावरून पडली तर हेड चकतीला घासू शकतं. वय झालं की काही सेक्टर आपोआपही खराब होतात.

तिसरं ठिकाण म्हणजे जोडणी. सैल झालेली केबल, लॅपटॉपचं ढिलं पोर्ट, विजेचा पुरवठा नसलेला स्वस्त हब. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि यूएसबी ३ चं ९०० मिलिअँपिअर. चकती फिरायला लागताना डिस्कला जास्त करंट लागतो. तो मिळाला नाही की डिस्क मध्येच बंद पडते आणि त्या धक्क्यात दप्तरही विस्कटतं. म्हणजे मूळ आजार केबलचा असतो आणि बोलणी डिस्कला बसतात.

तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. दप्तराचा दोष दुरुस्त करता येतो. केबलचा दोष केबल बदलून जातो. पण चकतीच खराब असेल तर दुरुस्तीची कमांड चालवणं म्हणजे मोडलेल्या पायाने पळायला लावण्यासारखं आहे.

पहिली नोंद: तुमच्या मोबाईलमधला फोटो

स्क्रीनवर आलेला मेसेज बंद करायच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढा. ‘एरर आला होता, काहीतरी इंग्रजीत होतं’ एवढ्यावरून कुणीच निदान करू शकत नाही. मेसेज शब्दशः हवा.

कारण प्रत्येक मेसेज वेगळं सांगतो. ‘ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करा’ असा मेसेज आला तर घाबरायचं कारण बहुधा नसतं. डिस्क नीट काढली नाही की दप्तरात एक खूण राहून जाते. तिला डर्टी बिट म्हणतात. ती खूण दिसली की विंडोज तपासणी सुचवतं. ‘फाइल किंवा फोल्डर खराब झालंय, वाचता येत नाही’ असं आलं तर दप्तराचं एखादं पान गेलेलं असतं. फाइल सिस्टिमच्या जागी ‘रॉ’ दिसत असेल तर विंडोजला दप्तराची ओळखच पटलेली नाही. आणि ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ आला तर मात्र सावध व्हा, कारण त्यात डिस्कने सेक्टर वाचूनच दिलेला नसतो. तो दोष चकतीचा असू शकतो किंवा केबलचा.

दुसरी नोंद: इव्हेंट व्ह्यूअर

विंडोजमध्ये स्टार्ट मेन्यूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. त्यात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिस्टिम उघडा. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक लहानमोठ्या घटनेची तारीख-वेळेसह नोंद तिथे असते. डिस्क लावली ती वेळ शोधा आणि सोर्सच्या रकान्यात ‘डिस्क’ किंवा ‘एनटीएफएस’ लिहिलेल्या ओळी बघा. प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो.

क्रमांक ५५ म्हणजे एनटीएफएसचं दप्तर विस्कटलंय. क्रमांक ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडलाय. क्रमांक १५३ म्हणजे वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. क्रमांक १५७ म्हणजे डिस्क अचानक तुटली, कुणी काढली तरी किंवा केबल हलली तरी. क्रमांक ११ म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या बोलण्यात चूक झाली.

खरी गंमत क्रमात असते. आधी १५७ आणि नंतर ५५ दिसत असेल तर डिस्क अचानक तुटली म्हणून दप्तर विस्कटलं, असा अर्थ निघतो. संशय केबलवर जातो. आधी ७ ची रांग लागली असेल आणि मग ५५ आला असेल तर चकतीचे सेक्टर गेल्यामुळे दप्तर वाचता येत नाहीये. मेसेज दोन्हीकडे सारखाच येईल, उपाय मात्र उलटे आहेत.

एक काळजी घ्या. नोंदीत ‘हार्डडिस्क ०’, ‘हार्डडिस्क १’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा कुठल्या डिस्कचा, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुळवा. नाहीतर एक्स्टर्नल डिस्कला दोष द्याल आणि प्रत्यक्षात लॅपटॉपच्या आतलीच डिस्क जायला आलेली असेल.

तिसरी नोंद: डिस्कचं स्वतःचं रिपोर्ट कार्ड

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. या व्यवस्थेचं नाव स्मार्ट. ती बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लोक वापरतात. त्यात आकड्यांची लांबलचक यादी दिसते. सगळी वाचायची गरज नाही, चार ओळी पुरेत.

ओळ ५, खराब म्हणून बाद करून ज्यांच्याऐवजी राखीव सेक्टर वापरले त्यांची संख्या. ओळ १९७, संशयित सेक्टर, जे वाचता आले नाहीत पण अजून बाद केलेले नाहीत. ओळ १९८, तपासणीतही न वाचता आलेले सेक्टर. ओळ १९९, डेटा पाठवताना झालेल्या चुका. ही १९९ ची ओळ तुमच्या यूएसबी केबलची नसते, आतली डिस्क आणि डब्यातलं सर्किट यांच्यातल्या जोडणीची असते.

पहिल्या तीन ओळींत शेवटचा आकडा शून्य असावा. शून्य नसेल तर तो वाढतोय का, हे बघायचं. ओळ ५ मध्ये वर्षभर ८ आकडाच असेल तर एक वेळ चालेल. पण आज ८, उद्या ४० आणि परवा २०० असेल तर डिस्क संपत आलीय. म्हणूनच या आकड्यांचा स्क्रीनशॉट तारीख टाकून जपून ठेवायचा. आकडे बऱ्याचदा हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, ते सेटिंगमधून साध्या अंकांत बदलून घ्या.

या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडायची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणजे रिपोर्ट वाईट असेल तर लगेच हालचाल करा, पण रिपोर्ट चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शिवाय काही स्वस्त डब्यांचं सर्किट स्मार्टची माहिती कॉम्प्युटरपर्यंत पोहोचूच देत नाही.

चौथी नोंद: चेकडिस्क, पण हात न लावता

विंडोजची चेकडिस्क ही कमांड सगळ्यांना सांगितली जाते. तिचे तीन प्रकार आहेत हे मात्र कुणी सांगत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सी-एच-के-डी-एस-के लिहून पुढे फक्त ड्राइव्हचं अक्षर दिलं तर ती नुसती बघते, काही बदलत नाही. पुढे स्लॅश एफ लावलं तर ती दप्तर दुरुस्त करते. स्लॅश आर लावलं तर ती सगळी डिस्क सेक्टरगणिक वाचत सुटते, त्याला कित्येक तास लागतात.

सुरुवात पहिल्या प्रकाराने करा. त्या वेळी डिस्कवरची एकही फाइल उघडी ठेवू नका, नाहीतर नसलेल्या चुकाही दिसू शकतात. आलेला निकाल कॉपी करून ठेवा.

स्लॅश एफ उपयोगी आहे, पण त्याचं काम दप्तर सुसंगत करायचं आहे, तुमचे फोटो वाचवायचं नाही. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते तुकडे ती ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके फाइल म्हणून टाकते. मूळ नावं गेलेली असतात. आणि खराब होत चाललेल्या डिस्कवर स्लॅश आर चालवलं तर शिल्लक राहिलेला जीव त्या वाचण्यातच खर्च होतो. म्हणून या दोन्ही गोष्टी डेटाची कॉपी हातात आल्यावरच करायच्या.

मॅकवर डिस्क युटिलिटीमधलं फर्स्ट एड तपासतं आणि सोबत दुरुस्तीही करतं. नुसतं बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये डिस्कयुटिलचा व्हेरिफाय व्हॉल्यूम हा पर्याय आहे. लिनक्समध्ये कर्नलच्या लॉगमध्ये सगळं दिसतं. तिथली ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम तर आतापर्यंत किती चुका झाल्या, पहिली कधी आणि शेवटची कधी, हे स्वतःच्याच दप्तरात लिहून ठेवते.

मंगळावरचा पेशंट

आधी निदान आणि मग फॉरमॅट, या शिस्तीचं एक गाजलेलं उदाहरण पृथ्वीबाहेरचं आहे. नासाचा स्पिरिट रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरला. दोनच आठवड्यांनंतर, २१ जानेवारीला त्याचं नीट बोलणं बंद झालं. तो पुन्हा पुन्हा रीबूट होत होता. इंजिनिअर लोकांना मिळत होते ते फक्त तुटक सिग्नल.

दोष निघाला फाइल सिस्टिममध्ये. रोव्हरच्या फ्लॅश मेमरीत फाइल्स खूप साठल्या होत्या, प्रवासातल्या जुन्या फाइल्सही तशाच होत्या. त्यांची यादी उघडायला जेवढी मेमरी लागत होती तेवढी मिळत नव्हती, म्हणून रीबूट आणि रीबूट झाल्यावर पुन्हा तेच. इंजिनिअरांनी आधी फ्लॅश मेमरीला हात न लावता रोव्हर सुरू करायची कमांड पाठवली, कारण शोधलं आणि फेब्रुवारीत ती मेमरी फॉरमॅट केली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेला तो रोव्हर पुढे २०१० पर्यंत संपर्कात होता.

नोंदी वाचून झाल्या, आता पुढे काय?

डिस्कमधून टक्‌-टक् किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर वरची एकही तपासणी करू नका. लगेच बंद करा. तिला पुन्हा पुन्हा लावून बघणं सगळ्यात घातक.

आवाज नसेल तर आधी केबल बदला, हब काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. एवढ्यानेच डिस्क उघडली तर सगळ्यात आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा.

स्मार्टचे आकडे शून्य आहेत, नोंदीत क्रमांक ७ नाही, फक्त दप्तर विस्कटलंय, असं दिसलं तर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक ही मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. टेस्टडिस्क हरवलेलं दप्तर शोधायचा प्रयत्न करतं. फोटोरेक दप्तर सोडून थेट फाइलच्या खुणांवरून फोटो शोधतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. वाचवलेल्या फाइल कायम दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या. त्याच डिस्कवर लिहिलं तर जे वाचवायचंय त्याच्याच डोक्यावर लिहिलं जाऊ शकतं.

आकडे वाढत असतील तर आधी पूर्ण डिस्कची प्रत काढायची आणि मग त्या प्रतीवर सगळे प्रयोग करायचे. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर याच कामाचं आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारा भाग सोडून पुढे जातं आणि नंतर त्याच्याकडे परत येतं. कुठला सेक्टर वाचला आणि कुठला राहिला याचा नकाशा ते फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे काम थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. हे जमणार नसेल आणि डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. जाताना मेसेजचा फोटो, इव्हेंटचे क्रमांक, स्मार्टचा स्क्रीनशॉट आणि आतापर्यंत काय काय करून बघितलं याची यादी घेऊन जा. डिस्कला पासवर्ड किंवा बिटलॉकर असेल तर रिकव्हरी कीसुद्धा लागेल. चार्ज किती, डेटा मिळाला नाही तर पैसे लागणार का आणि तुमच्या खासगी फाइल्सचं नंतर काय करणार, हे आधी विचारून घ्या.

फॉरमॅट चुकून झालंच असेल तर? हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं असेल तर नवं कोरं दप्तर तयार होतं, जुना डेटा बराचसा तसाच असतो. लिहिणं थांबवलं तर आशा असते. पण विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्य लिहितं, त्यानंतर काही मिळत नाही. एसएसडीमध्ये ट्रिम चालू असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही आशा फार कमी.

आणि काही गोष्टी करूच नका. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला ऐकू नका, बाहेर काढल्यावर तिच्यात दव धरतं. घरी झाकण उघडू नका, हेडच्या खालच्या फटीपेक्षा धुळीचा कण कितीतरी मोठा असतो.

डिस्क बरी असताना करायची कामं

डिस्क काढताना इजेक्ट करायची सवय ठेवा. २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून विंडोज १० मध्ये ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप चालू असतं, त्यामुळे धोका कमी झालाय. पण कॉपी चालू असताना केबल ओढली तर ते वाचवू शकत नाही. चालू डिस्क हलवू नका. मॅकवर लावायची नसेल तर डिस्क एनटीएफएसमध्ये ठेवा.

दर तीन-चार महिन्यांनी डिस्क लावा, दोन-चार जुन्या फाइल्स उघडून बघा आणि स्मार्टच्या त्या चार ओळींचा स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. पण आकडा वाढायला लागला तर तो तुम्हाला ‘फॉरमॅट करा’ येण्याच्या आधी दिसू शकतो.

आणि शेवटचं, म्हणजे ३-२-१ चा नियम. महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाबहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. मोबाईलमधले फोटो डिस्कवर हलवले आणि मोबाईलमधून उडवले, तर तो बॅकअप नसतो. प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते.